ही शेती कोणाची ?

गेल्या फाल्गुनाच्या अखेरीस आम्ही शाळेंतील कांहीं मुलांना घेऊन चिंचवड येथें पवनेच्या घाटावर गेलों होतों. मागें मोरया गोसावींचें समाधिमंदिर होतें आणि पुढें नदी. नदी म्हणावयाची ती केवळ संवयीनें. कारण पाणी असें दृष्टीस पडतच नव्हतें. या कांठापासून त्या कांठापर्यंत एक सलग हिरवें पांघरूण पसरलें होतें, त्यावर फिकट जांभळीं फुलें डोलत होतीं, आणि दोन बगळे शेताच्या बांधावरून चालावें तसे निर्धास्तपणें त्यावरून चालत होते. आमच्यांत एक लहान मुलगा होता. त्याचे आईवडील नुकतेच मराठवाड्यांतून कामधंद्यासाठीं इकडे आलेले. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, ही शेती कोणाची ?"

मोठीं मुलें हंसलीं, आम्हीही हंसलों. परंतु घरीं परततांना तो प्रश्न आमच्या मनांतून जाईना. शेतकऱ्याच्या मुलानें शेतकऱ्याच्या दृष्टीनें नदीकडे पाहिलें होतें. पिकास बीं लागतें, खत लागतें आणि कापणी करणारा लागतो. पवनेवरील त्या हिरव्या पिकास या तिन्ही गोष्टी कोणी ना कोणी पुरवीत आहेच. मग ही शेती कोणाची, हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं तो आमच्याबरोबर थोडा वेळ मनांत घोळवावा, एवढ्याचसाठीं हा लेख लिहीत आहों.

बियाण्याची हकीकत प्रथम पाहूं. या वनस्पतीस आपण जलपर्णी म्हणतों. नांव गोड आहे आणि फूलही देखणें आहे. किंबहुना त्या देखणेपणामुळेंच ती जगभर पसरली. तिचें माहेर दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉन नदीचें खोरें होय. तेथें तिचीं पानें कुरतडणारे किडे आहेत, तिला लागणारे रोग आहेत. त्यामुळें ती आपल्या पायरीनें राहते. एकोणिसाव्या शतकांत बागेंतील हौदाची शोभा म्हणून हौशी लोकांनीं ती देशोदेशीं नेली, आणि त्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्यें येऊन पोहोंचली. तिला आवरणारे किडे मात्र माहेरींच राहिले. हौदांतून ती तळ्यांत गेली, तळ्यांतून ओढ्यांत आणि खाड्यांत गेली. नावांच्या वाटा अडल्या, भाताचीं खाचरें बुजलीं, मासेमारी बसली. शेवटीं इ. स. १९३६ सालीं बंगाल प्रांतास केवळ या एका वनस्पतीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्याच्या कब्जांत जमीन अथवा पाणी असेल त्यानें तेथील जलपर्णी काढलीच पाहिजे, असा त्या कायद्याचा रोख होता. त्यास आतां नव्वद वर्षें होत आलीं; आणि बंगालच्या तळ्यांत जलपर्णी आजही आहे. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

या वनस्पतीची वाढ कशी होते, तें आमच्या गणिताच्या विद्यार्थ्यांनीं विशेष पाहण्यासारखें आहे. एक रोप पाण्यावर आडवे धुमारे सोडतें आणि प्रत्येक धुमाऱ्याच्या टोंकास नवें रोप धरतें. पाणी मानवलें तर एकाचीं दोन व्हावयास एक-दोन आठवडे पुरतात. आतां दर पंधरवड्यास दुप्पट असा बेताचाच हिशेब धरूं. कार्तिकांत नदीच्या एखाद्या वळणावर एकच रोप राहिलें असेल, तर बारा पंधरवड्यांनीं, म्हणजे वैशाख लागतां लागतां, त्याचीं ४,०९६ रोपें होतात. शंभर रोपें राहिलीं असतील तर चार लाखांहून अधिक. शिवाय तिचें बीं चिखलांत पडून राहिलें तर वीस वर्षांपर्यंत रुजण्याची शक्ति टिकवून धरतें. अशा शत्रूशीं केवळ बाहुबलानें लढूं पाहणारा मनुष्य शूर असेल, पण त्याचा हिशेब कच्चा आहे.

मात्र कोणतेंही बीं खतावांचून असें फोफावत नाहीं. तेव्हां आतां खताकडे वळूं. पवना मावळांत, सह्याद्रीच्या कुशींत उगम पावते. धरणांतून सुटलेलें तिचें पाणी रावेतच्या बंधाऱ्याशीं येतें. तेथून तें उपसून निगडीस शुद्ध केलें जातें आणि नळानें आपल्या घरीं येतें. तेंच आपण पितों. रावेतच्या खालीं हीच नदी चिंचवड, पिंपरी, कासारवाडी असा शहराचा पोटांतला मार्ग आक्रमून दापोडीजवळ मुळेस मिळते. शहराच्या हद्दींतील तिचा प्रवास सुमारें २४ किलोमीटरांचा आहे. रावेतच्या वर ती आपली माता आहे. रावेतच्या खालीं आपण तिची मोरी केली आहे.

हें एका दिवसांत झालें नाहीं. इ. स. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें. १९७० सालीं येथें नगरपालिका झाली आणि १९८२ सालीं महानगरपालिका. पुढें चाकणच्या माळावर मोटारींचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. २०११ च्या खानेसुमारींत पिंपरी-चिंचवड शहराची लोकवस्ती १७ लाखांहून अधिक भरली, आणि त्यानंतर ती वाढतच आहे. या वाढीनें हजारों कुटुंबांस भाकरी दिली. आमच्या वर्गांतील बहुतेक मुलें त्याच भाकरीवर वाढत आहेत. तेव्हां कारखान्यांस नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु इतक्या माणसांचें सांडपाणी कोठें जातें, हें विचारणें म्हणजे नांवें ठेवणें नव्हे. मैल्यांत व साबणाच्या भुकटींत नत्र आणि स्फुरद असतात. शेतकरी हींच दोन द्रव्यें पैसे मोजून पोत्यांनीं विकत आणतो. आपण तीं नदीस फुकट देतों. महानगरपालिकेचीं सांडपाणी शुद्ध करण्याचीं केंद्रें आहेत, हें खरें. परंतु जें पाणी नळांत न शिरतां ओढ्यानाल्यांतून परस्पर नदींत जातें, तें केंद्रापर्यंत पोहोंचतच नाहीं; आणि साध्या पद्धतीच्या शुद्धीकरणानें घाण व दुर्गंधि कमी झाली तरी नत्र व स्फुरद सर्वस्वीं निघून जात नाहींत. इ. स. २०१८ सालीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें देशांतील दूषित नदीप्रवाहांची यादी केली, तींत एकंदर ३५१ प्रवाह होते. त्यांपैकीं ५३ एकट्या महाराष्ट्रांतील, सर्व राज्यांत अधिक. आपली पवना, आपली इंद्रायणी आणि आपली मुळा या तिघीही त्या यादींत होत्या.

म्हणजे बीं परदेशचें खरें. पण खत आपलें आहे.

आतां राहिला कापणी करणारा. दरवर्षीं ऊन तापूं लागलें कीं डांस वाढतात, नागरिक तक्रारी करतात, वृत्तपत्रें लिहितात, आणि जलपर्णी काढण्याचीं कामें कंत्राटानें दिलीं जातात. होड्या येतात, यंत्रें येतात, आणि यंत्र जेथें पोहोंचत नाहीं तेथें माणसें छातीइतक्या घाण पाण्यांत उतरतात. त्या मजुरांविषयीं आम्हांस आदरच आहे; त्यांचें काम आपल्यापैकीं कोणासही एक दिवस करवणार नाहीं. उपसा करूं नये असेंही आमचें म्हणणें नाहीं. जलपर्णीच्या जाड थराखालीं ऊन पोहोंचत नाहीं, वारा पोहोंचत नाहीं. पाण्यांतील प्राणवायु घटतो आणि मासे गुदमरतात. देहू-आळंदीच्या इंद्रायणींत महाशीर मासा पूर्वापार प्रसिद्ध. त्याच्यासारख्या वाहत्या, स्वच्छ पाण्याच्या प्राण्यास असल्या पाण्यांत जागा उरत नाहीं. म्हणून उपसा पाहिजेच. परंतु उपशालाच उपाय समजणें ही चूक आहे. ताज्या जलपर्णीच्या शंभर किलोंत नव्वदांहून अधिक किलो निव्वळ पाणीच असतें. तेव्हां मालमोटारी भरभरून आपण जें वाहतों तें बव्हंशीं पाणी होय. नंतर मृगाचा पाऊस येतो, नदीस लोंढा येतो, आणि उरलेलें पीक मुळेंतून पुण्यास, तेथून भीमेंत आणि भीमेच्या वाटेनें उजनीकडे वाहून जातें. नदी मोकळी दिसूं लागते आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकतों. परंतु प्रश्न सुटलेला नसतो. तो केवळ खालच्या गांवांच्या वाट्यास गेलेला असतो. इकडे कार्तिकांत एखाद्या वळणावर शंभर रोपें पुनः शिल्लक असतातच.

येथें आम्हांस जें मुख्य सांगावयाचें आहे तें असें. जलपर्णी हा रोग नव्हे, तें लक्षण आहे. आणि जो सल्लागार लक्षणावर औषध देऊन दक्षिणा घेतो, तो वैद्य नव्हे. परक्या वनस्पति व प्राणी यांचा उपद्रव आवरणें आणि देशीं जातींचें रक्षण करणें, या विषयांत सल्ला देण्याचा एक स्वतंत्र व्यवसायच अलीकडे उदयास आला आहे. नगरपालिका, कारखाने व सरकारी खातीं अशा जाणत्यांस पाचारण करतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं जण पुढें हाच व्यवसाय पत्करतील, आणि पुष्कळ जण अशा सल्लागारांस नेमण्याच्या अधिकारावर बसतील. म्हणून खरा सल्ला कसा ओळखावा, हें शाळेंतच शिकलें पाहिजे. आमच्या मतें त्यास तीन प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न : हें येथें वाढतेंच कां ? चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्या कोणाही पालकास हा प्रश्न नवा वाटणार नाहीं. यंत्रावरून सदोष भाग निघूं लागले तर ते टोपलींत बाजूस टाकणें एवढ्यानें कारखान्याचें काम भागत नाहीं. दोष कोणत्या यंत्रावर, कोणत्या घडीला उत्पन्न होतो याचा शोध घ्यावा लागतो. एका प्रसिद्ध जपानी कारखान्यानें तर "पांच वेळां कां असें विचारा" अशी शिस्तच घालून दिली. तीच आपण नदीस लावूं. नदी हिरवी कां ? जलपर्णी माजली म्हणून. ती माजली कां ? पाण्यांत खत आहे म्हणून. खत कां ? सांडपाणी येतें म्हणून. सांडपाणी कां ? मोऱ्या ओढ्यास जोडलेल्या आहेत म्हणून. त्या तशा कां ? आजवर कोणी विचारलें नाहीं म्हणून. पांचव्या प्रश्नास उत्तर नदींत सांपडत नाहीं. तें आपल्या उंबऱ्याशीं सांपडतें. जो सल्लागार उंबऱ्यापर्यंत येत नाहीं, त्याचा अहवाल कितीही जाड असो, तो अपुरा आहे.

दुसरा प्रश्न : तुमचा लाभ कशांत आहे ? ज्यास उपसलेल्या टनांवर पैसे मिळतात, त्यास नदी स्वच्छ राहणें परवडत नाहीं. त्यांत त्या मनुष्याचा दोष नसून कराराचा आहे. करार असा असावा कीं वर्षांतील जितके दिवस पाणी मोकळें राहील तितक्या दिवसांचा मोबदला मिळावा. मग उपसा वरच्या अंगापासून सुरू होईल, कारण वर राहिलेलें एक रोप खालचें सर्व काम व्यर्थ करतें, हें कंत्राटदारासही पटेल. आणि फूल येण्यापूर्वीं, थंडीच्या आरंभींच हात घातला जाईल. त्याचप्रमाणें उपाय सांगणारा व उपसा करणारा हे एकच असूं नयेत, हेंही शहाणपणाचें होईल.

तिसरा प्रश्न : काम संपल्यावर तुम्ही किती वर्षें लक्ष ठेवाल ? या विषयांत धीर धरणाऱ्यांसच यश आलें आहे. गाजरगवताचें उदाहरण घ्या. तेंही अमेरिका खंडांतलेंच. आपल्या देशांत तें रुजल्याची जी नोंद इ. स. १९५६ सालीं प्रसिद्ध झाली ती पुण्याची होती. त्यानें माळ व्यापले, रस्त्यांच्या कडा व्यापल्या, कित्येकांच्या अंगावर खाज उठविली. मग शास्त्रज्ञांनीं त्याच्या मूळ देशांतला, म्हणजे मेक्सिकोचा, एक लहानसा भुंगेरा आणला. तो आपलीं पिकें तर खात नाहीं ना, याची बंद जागेंत परीक्षा केली. आणि १९८४ च्या सुमारास बंगळूरकडे तो मोकळा सोडला. पावसाळ्यांत हा भुंगेरा गाजरगवताचीं पानें खाऊन फस्त करतो व कोरड्या दिवसांत मातींत दडून राहतो. जलपर्णीवरही तिच्या माहेरचे भुंगेरे त्याच काळांत आणण्यांत आले. अशा उपायानें वनस्पति समूळ जात नाहीं, पण ती आवरली जाते. मात्र जेथें सांडपाण्याचें खत अखंड मिळत असतें, तेथें किड्याच्या खाण्यापेक्षां वनस्पतीची वाढच पुढें धांवते. म्हणजे फिरून फिरून आपण त्याच उंबऱ्याशीं येतों.

याहूनही चांगला सल्ला म्हणजे आजार दाराशींच अडविणें. त्याचाही नमुना आपल्या पालकांच्या रोजच्या पाहण्यांत आहे. चाकणच्या कारखान्यांत परदेशाहून सुटे भाग ज्या लांकडी पेट्यांतून येतात, त्या पेट्यांवर गव्हाच्या ओंबीचें चित्र असलेला एक शिक्का असतो. २००२ सालीं ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमानें त्या लांकडाचा गाभा ५६ अंशांपर्यंत तापवून निदान ३० मिनिटें तसा ठेवावा लागतो, अथवा त्यास विषारी धुरी द्यावी लागते. हेतु हा कीं लांकडाच्या पोटांत लपलेली कीड एका देशांतून दुसऱ्या देशांत जाऊं नये. तीस मिनिटांच्या त्या उष्णतेनें किती अरण्यें वांचत असतील याचा हिशेब कोणी मांडीत नाहीं, कारण जें संकट आलेंच नाहीं त्याची बातमी होत नाहीं. खऱ्या सल्लागाराचें काम असेंच असतें. त्यास कीर्ति कमी मिळते.

आमच्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. कोणी म्हणेल, जलपर्णी पाण्यांतील घाण शोषून घेते, तिचें खत होतें, टोपल्या होतात; मग तिला उपकारकच कां म्हणूं नये ? ती शोषून घेते हें खरें. पण वेळेवर काढली नाहीं तर ती तेथेंच कुजते आणि शोषलेलें सर्व पाण्यास परत करते. शिवाय ती धातुही शोषते; तेव्हां कारखान्यांच्या पट्ट्यांतल्या नदीवरील जलपर्णीचें खत परीक्षेवांचून भाजीच्या वाफ्यांत घालणें धोक्याचें आहे. उपयोग करावा, पण उपयोगाच्या आशेनें ती राखूं नये. साप पकडणाऱ्यास बक्षीस मिळतें म्हणून कोणी साप पाळूं लागला तर गांवाचें काय होईल ?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परकें तेवढें वाईट असें तुमचें म्हणणें आहे काय, असें कोणी विचारील. मुळींच नाहीं. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, पेरू हीं सर्व अमेरिकेकडून आलीं. आणि मिरचीवांचून तर आपल्या घरांतील एकही जेवण होत नाहीं. मिरची लावावी तेथें वाढते आणि शेजारच्या रोपास जगूं देते. तक्रार परकेपणाची नसून दुसऱ्यास जगूं न देण्याची आहे. इ. स. २०२३ सालीं जगांतील शास्त्रज्ञांच्या एका मंडळानें प्रसिद्ध केलेल्या अहवालांत, मनुष्यानें आपल्या मूळ स्थानांतून अन्यत्र नेलेल्या ३७,००० हून अधिक जाति सांगितल्या आहेत. त्यांपैकीं उपद्रवी ठरलेल्या ३,५०० हून अधिक आहेत. म्हणजे दहांतली एखादीच. आणि वनस्पतींचा हा न्याय माणसांस तर कोणीं कधींच लावूं नये. हें शहर बाहेरून आलेल्या माणसांनींच वसविलें आहे. आमच्या वर्गांत सोलापूरचें, बीडचें, केरळचें, बिहारचें मूल एकाच बांकावर बसतें. आणि नदीस योग्य प्रश्न विचारला तो नुकत्याच आलेल्या मुलानें, येथें जन्मलेल्या आमच्यांपैकीं कोणींही नव्हे.

ज्या चुकीविषयीं आम्ही बोलत आहों ती नदीवरच होते असें नाहीं. टेकड्यांवर ती सत्कृत्याचा वेष घेऊन येते. २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांस आपल्या नफ्याचे शेंकडा दोन समाजकार्यास खर्चावे लागतात, आणि पुष्कळांची निवड झाडें लावण्याकडे असते. हेतु उत्तम, पण प्रश्न विचारला जात नाहीं. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर पूर्वीं लवकर वाढतें व गुरें खात नाहींत म्हणून गिरिपुष्पाचीं झाडें उदंड लावलीं गेलीं. हें झाड मध्य अमेरिकेंतलें. कोणी यास उंदीरमारीही म्हणतात. टेकडी दुरून हिरवी दिसते खरी. पण त्या दाट सावलींत इतर फारसें कांहीं उगवत नाहीं. ज्या माळास आपण ओसाड म्हणतों, तो मुळांत ओसाड नसतो. तेथें कुसळी असते, मारवेल असतें. त्या गवतांत चंडोल घरटें करतो, लावे व ससे राहतात, आणि त्यांच्या आधारें खोकड व लांडगा जगतो. त्यावर खड्डे खणून सरसकट झाडें लावणें म्हणजे एकाचें घर मोडून दुसऱ्याच्या नांवानें पाटी लावणें होय. येथेंही सल्लागार पाहिजे तो "किती झाडें ?" असें विचारणारा नव्हे, तर "येथें आधीं कोण राहतें ?" असें विचारणारा.

आतां आपण काय करावें ? मोठीं कामें मोठ्यांनीं करावयाचीं आहेत. पण लहान कामें मोठ्यांच्या वाट पाहण्यांत अडून बसूं नयेत. घरांतील कांचेच्या हौदांतल्या अथवा कुंडींतल्या पाणवनस्पति ओढ्यांत टाकूं नयेत. जलपर्णीचा इतिहास अशाच एका हौदापासून सुरू झाला, हें आम्ही वर सांगितलेंच आहे. कपडे धुण्याच्या भुकटीचें माप मोजून घ्यावें. ज्या पालकांच्या सोसायटींत सांडपाणी शुद्ध करण्याचें यंत्र बसविलेलें आहे, त्यांनीं तें चालतें कीं केवळ दाखविण्यापुरतें आहे, हें सभेंत उभें राहून विचारावें. मुलांनीं वडिलांस त्याची आठवण करून द्यावी. नदीकांठीं झाडें लावावयाचीं असतील तर वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ अशीं पाण्याच्या संगतीनें वाढणारीं आपलीं झाडें लावावीं.

आणि शाळेपुरती आमची एक सूचना आहे. आपल्या शाळेनें नदीची एक वही ठेवावी. दर महिन्यास एका वर्गानें रावेत, चिंचवड व दापोडी या तीन ठिकाणीं जाऊन पाहावें आणि तारखेसह लिहावें : पाणी दिसतें कीं नाहीं, जलपर्णीचें पहिलें रोप कोठें व केव्हां दिसलें, कोणत्या नाल्याच्या तोंडाशीं ती अधिक दाट आहे, कोणते पक्षी होते. नदीच्या पाण्यांत उतरूं नये. कांठावरून पाहणें पुरे. यास पैसा लागत नाहीं, नियमितपणा लागतो. अशी वही दहा वर्षें चालली तर कोणत्याही सल्लागारास प्रथम आमच्या शाळेचें दार ठोठवावें लागेल. कारण नाल्याचें नांव, महिना आणि वर्ष हीं तिघें साक्षीदार आमच्याकडे असतील, आणि त्यांच्यापुढें कोणासही "आम्हांस ठाऊक नव्हतें" असें म्हणतां येणार नाहीं.

"सर, ही शेती कोणाची ?" त्या मुलास त्या दिवशीं आम्हीं उत्तर दिलें नाहीं; हंसून वेळ मारून नेली. त्याची क्षमा मागून तें उत्तर आज येथें देतों. बाळ, ही शेती आमची आहे. बीं दूरदेशाहून आलें, पण खत आमच्या घरचें आहे, आणि कापणीचा खर्च आमच्याच करांतून दरवर्षीं जातो. ज्याची शेती त्यासच ती मोडण्याचा अधिकार असतो. तो अधिकार आम्ही आजवर बजावला नाहीं. पुढल्या फाल्गुनांत आपण पुनः त्याच घाटावर जाऊं, आणि वहींत काय लिहावयाचें तें तूंच सांग.